आधी मुक्काम ठरवा, मग गाडी काढा : इंदूरहून लडाखला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की इंदुरातल्या मराठी घरांमधून मोटरसायकलने लडाखला जाण्याबद्दल एकाच तऱ्हेची विचारणा सुरू होते. "काका, नवी हिमालयन घेऊ की आहे ती बुलेट चालेल?" "दादा, टायर बदलू का?" "जाकीट कुठल्या कंपनीचं?" प्रश्न रास्त आहेत, पण ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे. पहिला प्रश्न असा हवा, की कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं? तो कोणी विचारत नाही आणि लडाखच्या सहली तिथेच फसतात. गाडी बिघडली तर ट्रकवर टाकून आणता येते. माणूस बिघडला तर सगळं थांबतं.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथे हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथल्याइतकंच, २१ टक्के असतं. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. तुम्ही जिममध्ये जाता, सायकलने जानापावचा डोंगर चढता, याला ते दाद देत नाही. धडधाकट पोरंच जास्त गोत्यात येतात, कारण डोकं दुखतंय हे सांगायची त्यांना लाज वाटते.

पहिलं काम : दिशा ठरवा

नवख्या माणसाने श्रीनगरकडून चढावं आणि मनालीकडून उतरावं. उलट करू नये. मनालीची वाट देखणी आहे हे मान्य, पण आकडे बघा. मनाली २,०५० मीटर, जिस्पा ३,२०० च्या आसपास, आणि पुढचा सोयीचा मुक्काम सरचू थेट ४,२९० मीटर. मधे ४,८०० मीटरच्या वरची बारालाचा ला. म्हणजे मैदानातून आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तंबूत कपाळ दाबून बसतो, आणि सरचूहून लवकर खाली जायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना खिंडी आडव्या येतात.

श्रीनगरकडून हाच चढ सावकाश होतो. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० च्या थोडं वर, कारगिलही जवळपास तेवढंच, मग लेह ३,५००. वाटेत झोजी ला (३,५२८ मीटर) आणि फोटू ला (४,१०८ मीटर) लागतात, पण त्या ओलांडून तुम्ही पुन्हा खालीच झोपता. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. काटेकोर बोलायचं तर कारगिल ते लेह या टप्प्यात तो मोडतो. म्हणून लेहला पोचल्यावर दोन रात्री काहीही न करता काढायच्या. त्यावर पुढे बोलूच.

जायच्या आठवड्यात काश्मीरमधली परिस्थिती आणि रस्त्याची स्थिती बघून घ्या. ती बरी नसेल तर मनालीकडून जावं लागेल. मग मनालीत दोन रात्री, जिस्पात दोन रात्री आणि सरचूला मुक्काम न करता पहाटे जिस्पाहून निघून संध्याकाळपर्यंत लेह, असा बेत करा. दिवस लांबलचक होतो, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर गाडी चालवावी लागते, पण रात्र बरी जाते.

कधी

मनाली-लेह रस्ता साधारण मेमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाने बंद होतो. जूनमध्ये खिंडींवर बर्फाच्या भिंती असतात, फोटो झकास येतात, नाले मात्र फुगलेले असतात. जुलै-ऑगस्टात लडाख कोरडं असतं, पण तिथे पोचायच्या दोन्ही वाटा पावसाच्या मुलखातून जातात आणि दरडी कोसळतात. मला विचाराल तर सप्टेंबर. पाणी ओसरलेलं, आकाश निवळलेलं, गर्दी कमी. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या रात्रभर बघा, एक दिवस झोप काढा आणि निघा. पितृपक्षात घरी लग्नकार्य नसतं, सुट्टीवर कोणी कुरकुर करत नाही. फक्त अधिक महिन्याच्या वर्षी गणपती उशिरा येतात. तेव्हा झांक्यांचा मोह सोडून आधीच सुटा, कारण सप्टेंबर संपता संपता सरचू-पांगची रात्र शून्याच्या खाली जाते.

गाडी आणि हात

दीडशे सीसीची गाडीही लेहला जाते. उंचीवर इंजिनालाही हवा कमी पडते, ताकद उतरते, हे प्रत्येक गाडीच्या बाबतीत होतं. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः सांभाळून घेते; कार्ब्युरेटरवाली धूर सोडते, थंडीत सकाळी रुसते, पण चालते. मागे माणूस बसवणार असाल तर मात्र लहान गाडी नको. नवी गाडी घेऊन थेट निघणंही नको. जिचे आवाज तुमच्या कानाला ओळखीचे आहेत ती गाडी न्या.

निघण्याच्या महिनाभर आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नको. बदललेला भाग खराब निघाला तर तो इथेच कळला पाहिजे. ब्रेक पॅड, चेनसेट, क्लच प्लेट, टायर, बॅटरी यांपैकी काहीही निम्म्याहून जास्त झिजलेलं असेल तर बदला. बरोबर घ्यायच्या गोष्टी : क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, क्लच-ब्रेकचे लिव्हर, प्लग, फ्यूज, चेनचं लॉक, दोन्ही चाकांच्या ट्यूब, टायर लिव्हर, हवा भरायचा छोटा पंप, इन्सुलेशन टेप आणि बांधायची तार. जुनी वायर काढू नका, नवी वायर तिच्या शेजारीच टाकून ठेवा. तुटली की दोन टोकं जोडली, काम झालं. आणि आपल्या मेकॅनिककडे एक दुपार बसून पंक्चर काढायला शिका. बघून नाही, स्वतःच्या हाताने चाक काढून. टायर रिमवर परत चढवताना ट्यूब चिमटली जाते ती कशी, हे तिथेच समजतं.

घाटाचा सराव आपल्याकडे फुकट आहे. महूवरून जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वरला जा, पण पूर्ण सामान लादून. खंडवा रोडचा भेरू घाटही चालेल. उतारावर ब्रेक दाबून ठेवायची सवय मोडा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायला शिका. तासभराच्या उतारात सतत दाबलेला ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतो. एखाद्या पावसाळी रविवारी चोरलकडच्या कच्च्या रस्त्यांवर चिखलात गाडी घाला. पडायचं असेल तर तिथे पडा, घर जवळ आहे.

इंदूर ते जम्मू : रेल्वे

ए.बी. रोडने गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा करत जाणारे जातात. माझं मत विचाराल तर त्यात शहाणपण नाही. मैदानातल्या उकाड्यात आणि ट्रकांच्या गर्दीत दोन-तीन दिवस शरीर पिळून काढायचं आणि तेच थकलेलं शरीर डोंगरावर न्यायचं. महूहून सुटणारी मालवा एक्सप्रेस इंदूरवरून निघून ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला करत जम्मूवरून कटऱ्याला जाते. आपल्यासाठी यापेक्षा सरळ गाडी नाही.

मोटरसायकल रेल्वेने दोन प्रकारे जाते. तुमचं तिकीट असेल तर लगेज म्हणून, शक्यतो तुम्ही ज्या रेल्वेने जाता तिच्याच ब्रेकयानात, म्हणजे सामानाच्या डब्यात. नाहीतर नुसतं पार्सल म्हणून, जागा मिळेल तेव्हा. लगेजच करा, आणि चौकशी आदल्या दिवशीच करून या. आरसी बुक आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, याला सवलत नाही. स्टेशनवर बारदानात गाडी गुंडाळणारी माणसं असतात. भाव आधी ठरवा आणि उभं राहून गुंडाळून घ्या. टाकी, हेडलाइट आणि हँडलच्या टोकांना दुहेरी वेष्टन हवं. आरसे काढून स्वतःच्या सॅकमध्ये टाका. इंडिकेटर निघत असतील तर तेही. पॅकिंगवर दोन्ही बाजूंना नाव, कुठून-कुठे आणि मोबाईल नंबर जाड अक्षरात लिहा. पावती पाकिटात ठेवा, गाडीवर अडकवू नका.

जम्मूला गाडी उतरली की टाकी कोरडीठाक असते, हे अनेकांच्या लक्षात तिथे गेल्यावर येतं. पाच लिटरचा पेट्रोलसाठी बनवलेला रिकामा डबा सामानात असला की रिक्षाने पंपावर जाऊन यायचं. पुढे मनालीच्या वाटेवर तोच डबा कामाला येतो.

कागद, सिम, पैसे

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मूळ स्वरूपात. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या आणि घरी सांगून ठेवा, की दोन दिवस फोन लागला नाही तर पोलिसात जाऊ नका. आईला हे दोनदा सांगावं लागतं. लेहच्या पुढे नुब्राचं खोरं, पँगाँग तलाव, हानले यांच्याकडे जाण्याआधी प्रशासनाच्या वेबसाइटवर नोंदणी करून शुल्क भरावं लागतं. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजी माहिती बघा आणि प्रिंटच्या तीन-चार प्रती घ्या. रोख पैसे बरोबर ठेवा, फोनवरून पैसे द्यायला नेटवर्क लागतं.

जम्मूत किंवा मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लेहहून पुढे फिरवायला तिथल्या संघटना हरकत घेतात. भाड्याचीच घ्यायची असेल तर लेहमध्ये घ्या.

सामान

एकच जाड जाकीट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन-चार थर बरे. सकाळी सहाला दात वाजतात आणि अकराला घाम येतो. पावसाचे कपडे वेगळे, हातमोज्यांचे दोन जोड, लोकरीचे मोजे भरपूर. कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन. तिथलं ऊन नाकाची सालं काढतं. एक कोरडे मोजे सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवा.

खाण्याचं इंदूरकरांना सांगणे न लगे. शेव, चिवडा, खजूर, सातूचं पीठ घ्या. पण नमकीनच्या हवाबंद पाकिटाला टाचणीने बारीक भोक पाडून चिकटपट्टी लावा. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, पाकिटं उशीसारखी फुगतात आणि खिंडीच्या अलीकडे एखादं फाटून सॅकभर लौंग शेव होते. शॅम्पूच्या बाटलीचंही तेच.

रस्त्यावर

पहाटे निघा, दुपारी तीन-चारला थांबा. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर पुरे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. लष्कराचा ताफा आला तर त्याच्या मधे घुसू नका. चालक हाताने किंवा इंडिकेटरने खूण करतो, मगच एकेक ट्रक ओलांडा. झोजी लावर मेंढ्यांचे कळप, चिखल आणि ट्रक एकाच वेळी भेटतात, शिवाय काही वेळा एका दिशेनेच गाड्या सोडतात. म्हणून सोनमर्गला मुक्काम करून सकाळीच चढा. द्रासला थांबून १९९९ च्या कारगिल युद्धाचं स्मारक बघा, समोरच तोलोलिंगचं शिखर उभं आहे.

आता नाले. नवख्याला सगळ्यात जास्त धास्ती यांची असते, आणि ती योग्यच आहे. हे पाणी वरच्या बर्फाचं. रात्री ते गोठतं, सकाळी कमी असतं, ऊन चढेल तसं वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागू शकतो. पहाटे निघायचं एक मोठं कारण हेच.

नाल्याशी आल्यावर आधी थांबा. दुसऱ्या कोणाची गाडी कुठून जाते ते बघा. कोणी नसेल तर उतरून चालत अंदाज घ्या. पाणी पसरट आणि खळखळतं दिसतं तिथे सहसा उथळ, शांत आणि गडद दिसतं तिथे खोल. पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा. नजर पुढच्या चाकाखालच्या दगडांवर नको, पलीकडच्या काठावर ठेवा. हात आपोआप तिकडे नेतात. चाक घसरलं तर पाय टेका, मोजे भिजू द्या, पण ॲक्सिलरेटर सोडू नका. मधेच इंजिन बंद पडलं की सायलेन्सरमधून पाणी शिरायला वाव मिळतो. गाडी आडवी झाली तर लगेच स्टार्टर दाबायचा नाही. काठावर ढकलून आणा, एअर फिल्टर कोरडा आहे का बघा, मग सुरू करा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा. मागे बसणाऱ्याने नाला चालत ओलांडायचा, मग तो कितीही लाडका असो.

लेहमध्ये

लेहला पोचल्यावर अटकेपार झेंडा लावल्यासारखं वाटतं आणि त्याच संध्याकाळी खारदुंग लाचे बेत सुरू होतात. नको. पहिले दोन दिवस फक्त चालणं, खाणं, भरपूर पाणी आणि झोप. दारू नाही, झोपेची गोळी नाही.

थोडी डोकेदुखी, भूक मंदावणं, झोप तुटणं हे होतंच. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी, खूप थकवा आला तर विरळ हवेचा त्रास सुरू झाला असं समजा आणि बरं वाटेपर्यंत एक मीटरही वर जाऊ नका. दोन लक्षणं मात्र धोक्याची घंटा आहेत. पहिलं, स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागणं आणि खोकला. म्हणजे फुप्फुसात पाणी साठतंय. दुसरं, तोल जाणं आणि बोलणं असंबद्ध होणं. म्हणजे मेंदूला सूज येतेय. तोल बघायची सोपी रीत अशी, की जमिनीवर सरळ रेष धरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच खाली किंवा दवाखान्यात न्यायचं, आणि त्याला गाडी चालवू द्यायची नाही. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचंच आहे.

डायमॉक्स म्हणून मिळणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी सवय लवकर व्हायला मदत करते, पण ती इंदुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा; सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. तिने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत रेल्वेचं तिकीट काढू नका. मावशी कापराची पुरचुंडी देतील. घ्या, खिशात ठेवा, त्यांचा मान राखा. पण कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. छोट्या डब्यातला ऑक्सिजनही काही मिनिटांचा पाहुणा असतो.

तिसऱ्या दिवशी खारदुंग ला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. फोटो काढा, चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरा आणि नुब्रात दिस्कित किंवा हुंडरला झोपा. ती गावं लेहहूनही खाली आहेत. पँगाँगचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर असतो, म्हणून तो नुब्रानंतरच. तंबूत सिगडी पेटवून दार लावून झोपू नका, कोळशाचा विषारी वायू माणसाला उठवत नाही. उमलिंग ला वगैरे १९,००० फुटांची नावं पहिल्या खेपेला यादीत नकोत.

मनालीकडून उतरताना

लेहहून निघाल्यावर कारूच्या पंपावर टाकी आणि डबा दोन्ही काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप केलाँगच्या पलीकडे तांदीला. तांदीच्या पंपावर लेहकडे जाणाऱ्यांसाठी "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" अशा अर्थाची प्रसिद्ध पाटी आहे, त्यावरून अंतर समजा. उंचीवर, खालच्या गिअरमध्ये गाडीचं ॲव्हरेज इंदूरइतकं मिळणार नाही, हे धरून हिशोब करा.

तांगलांग लानंतर मोरे मैदानाचा सपाट सरळ रस्ता लागतो आणि सगळे सुसाट सुटतात. तिथे अचानक खड्डा किंवा वाळू येते, जपून. मग पांग, लाचुंग ला, नकी ला आणि गाटा लूप्सची २१ वळणं. आता शरीर रुळलेलं असतं, त्यामुळे सरचूची रात्र सोसते. पांगला (४,६०० मीटर) मात्र शक्यतो झोपू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे बारालाचा ला ओलांडा. सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर असतो, तो डांबरासारखाच दिसतो, म्हणून तिथे ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर, गाडी नुसती सरळ जाऊ द्या. अटल बोगद्याला (९.०२ किलोमीटर, ऑक्टोबर २०२० पासून सुरू) परवाना लागत नाही, जुन्या रोहतांग खिंडीवरून जायचं असेल तरच लागतो.

मनालीत एक दिवस हाडं सैल करा आणि अंबाल्याला येऊन गाडी परत रेल्वेत चढवा. इंदूरला उतरली की लगेच सोडवून आणा, स्टेशनवर पडून राहिली तर त्याचे पैसे चढतात. मेकॅनिकला सांगा, की गाडी पाण्यातून आली आहे. नुसतं ऑइल बदलून तो देईल. तुम्ही दोन्ही चाकांचे बेअरिंग उघडायला लावा, एअर फिल्टर बदला आणि ब्रेक पॅड काढून आतली वाळू धुऊन घ्या.